घरात तान्हे बाळ आणि बाहेर फ्लूची साथ : नाशिकमधील एका लसीकरण केंद्राचा अनुभव

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरातील सहा माणसांनी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतील एका खासगी केंद्रात फ्लूची लस घेतली. सासूबाई, माझे यजमान, मी, धाकटा मुलगा, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, अशी ही सहा माणसे. त्यानंतर ऑगस्टमध्ये, ऐन साथीत, त्याच केंद्राच्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे लागले. या दोन्ही वेळी काय पाहिले, काय आवडले आणि काय खटकले ते सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका दवाखान्याची जाहिरात करण्यापेक्षा चांगले केंद्र कशावरून ओळखावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. तसे केंद्र सिडकोत, पंचवटीत किंवा नाशिक रोडलाही असू शकेल.

आधी निमित्त सांगते. लेकीचे दिवस जुलैअखेर भरणार होते. फ्लूची लस बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत देता येत नाही, आणि फ्लू झाल्यास सर्वाधिक धोका असणाऱ्यांत हीच सहा महिन्यांच्या आतील बाळे येतात. म्हणजे बाळ ऐन पावसाळ्यात जन्मणार, आपल्याकडे फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबर या काळात येणार, आणि बाळाला स्वतःचे असे काही संरक्षण नसणार. त्यावर दोनच उपाय आहेत. गरोदरपणात आईने लस घेतली तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि पहिले काही महिने त्याला आधार देतात. आणि बाळाला उचलून घेणाऱ्या प्रत्येकाने लस घेतली तर बाळापर्यंत विषाणू पोहोचण्याच्या वाटा कमी होतात. लस टोचल्यावर पुरेसे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे साथ सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नव्हता. बाळंतविड्याची दुपटी आणि टोपडी शिवायला घेतली त्याच सुमारास लसीकरणाची वेळही ठरवली.

केंद्राची पहिली परीक्षा फोनवरच झाली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मला अतिशय वाईट अनुभव आला होता. त्या वेळी जुलै महिन्यात मी लस घेतली आणि घरी आल्यावर कार्डावर चिकटवलेली पट्टी वाचली, तेव्हा ती मागील हंगामाची लस होती आणि तिची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. परत जाऊन विचारले तर काउंटरवरच्या माणसाने, ‘लस ती लस, त्यात काय जुनी-नवी?’ असे उत्तर दिले. हे उत्तर साफ चुकीचे आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते आणि त्यानुसार लस नव्याने बनते. भारतात दोन्ही गोलार्धांच्या लसी मिळतात. आपल्याकडची मोठी लाट पावसाळ्यात येत असल्याने मे-जूनमध्ये लस घेणाऱ्याने त्या वर्षीची दक्षिण गोलार्धाची लस मागावी, कारण त्या वेळी तीच सर्वांत ताजी असते. हे सगळे खोक्यावर छापलेले असते. फक्त ते मागून वाचावे लागते.

या वेळी फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारला. पलीकडच्या सिस्टरने, ‘एक मिनिट थांबा काकू, खोके बघून सांगते,’ असे म्हणून खरोखर खोके आणून त्यावरचा हंगाम आणि मुदत वाचून दाखवली. तिने आठवणीतून उत्तर दिले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. त्यानंतर तिनेच विचारले की घरात कोणाला आज ताप आहे का, कोणी गरोदर आहे का, पूर्वी कोणत्या लसीनंतर अंगावर गांधी उठणे किंवा धाप लागणे असे झाले आहे का, आणि कोणाला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. सासूबाईंना ती गोळी चालू आहे. ‘मग आजींना टोचल्यावर दोन मिनिटे न चोळता नुसते दाबून धरावे लागेल, नाहीतर दंड काळानिळा पडेल,’ असे तिने तेव्हाच सांगितले आणि प्रत्यक्ष टोचताना तसेच केले.

वेळ सकाळी नऊची मिळाली. या केंद्राची मला सर्वांत आवडलेली व्यवस्था हीच आहे. आजारी माणसांची तपासणी तिथे साडेदहाला सुरू होते आणि लस घेणाऱ्या निरोगी माणसांना त्याआधीच मोकळे केले जाते. फ्लूची लस घ्यायला जावे आणि खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत पाऊण तास बसून फ्लूच घेऊन यावे, असे आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत सहज होऊ शकते, कारण तिथे एकच खोली, एकच बाक आणि खिडक्या बंद असतात. शिंकेतून आणि खोकल्यातून उडणारे तुषार साधारण एक-दोन मीटरच्या परिघात पडतात, आणि कोंदट खोलीत त्यांतले बारीक कण बराच वेळ हवेत राहतात. इथे बसायची खोली हवेशीर होती, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि ताप किंवा खोकला असणाऱ्यांसाठी बाहेरच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली वेगळी बाके मांडलेली होती. जिन्याच्या तोंडाशी बेसिन आणि त्यावर साबण होता. साबणाची वडी झिजून ओली झालेली होती, म्हणजे ती केवळ दाखवायला ठेवलेली नव्हती.

फ्रीज पाहायला मिळेल का, असे मी थोड्या संकोचाने विचारले. डॉक्टर बाईंनी काहीही वाईट वाटून न घेता आत बोलावले. लसीसाठी वेगळा फ्रीज होता, त्यात लसीखेरीज फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या, त्याही वीज गेल्यावर थंडावा टिकावा म्हणून ठेवलेल्या. दारावर अडकवलेल्या तापमापकावर चार पूर्णांक सहा अंश दिसत होते. खिळ्याला दोरीने बांधलेल्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळचे तापमान लिहिलेले होते आणि एका दिवसापुढे लाल शाईने ‘वीज ११ ते २, दार उघडले नाही’ अशी नोंद होती. फ्लूची लस दोन ते आठ अंश सेल्सिअस या तापमानातच ठेवावी लागते. ती गरम झाली तर बिघडते हे पुष्कळांना ठाऊक असते, पण गोठली तरीही ती वापरायची नसते हे फारसे कोणी लक्षात घेत नाही, आणि म्हणूनच घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेल्या लसीवर माझा विश्वास नाही. पूर्वीच्या त्या ठिकाणी लसीशेजारी कोणाचा तरी जेवणाचा डबा होता आणि दार मिनिटामिनिटाला उघडले जात होते, हे मी स्वतः पाहिले आहे. नाशिकमध्ये पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. ती तीन तास गेली तेव्हा काय केले, हे जो दवाखाना लिहून ठेवतो त्याच्याकडे मी माझ्या माणसांना निर्धास्तपणे नेईन.

प्रत्यक्ष टोचणे हा सगळ्यांत छोटा भाग होता. अर्धा मिलिलिटरची, आधीच भरलेली सिरिंज आमच्यासमोर खोक्यातून काढली, प्रत्येकाला मुदत वाचायला दिली, डाव्या दंडात इंजेक्शन दिले आणि कार्डावर पट्टी चिकटवली. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवले, कारण क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते आणि त्या वेळी डॉक्टर हाताशी असावे लागतात. अशा प्रसंगी लागणारे औषध टेबलावरच्या ट्रेमध्ये तयार होते. मुलाला अंबडच्या कंपनीत पोहोचायची घाई होती आणि तो उठू लागला, तेव्हा सिस्टरने त्याला ठामपणे परत बसवले. मावशींचा दंड दोन दिवस दुखला, मुलाला रात्री थोडी कणकण आली. बाकी कोणाला काही झाले नाही. ही कणकण म्हणजे फ्लू नव्हे. ही लस मृत विषाणूंच्या अंशांपासून बनलेली असते आणि तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही, हे डॉक्टर बाईंनी मावशींना सोप्या शब्दांत सांगितले. ‘लस घेतली की माणूस आजारी पडतो’ असे त्यांच्या शेजारणीने त्यांना बजावले होते आणि त्या मनातून घाबरलेल्या होत्या.

डॉक्टरांच्या बोलण्यातला प्रामाणिकपणा मला विशेष वाटला. लसीतील प्रकार आणि साथीतील प्रकार चांगले जुळतात त्या वर्षीसुद्धा डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ही लस साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, शंभर टक्के नव्हे. मात्र झालेला आजार सौम्य राहण्याची आणि रुग्णालयात दाखल व्हावे न लागण्याची शक्यता वाढते, असे त्यांनी आधीच सांगितले. चार घटकांची महाग लस घ्यावी की तीन घटकांची, या माझ्या प्रश्नावरही त्यांनी महागडी गळ्यात मारली नाही. ‘बी-यामागाटा’ हा चौथा घटक मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेलाच नाही, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना आता तीन घटक पुरेसे मानते. दोन्हींपैकी जी ताजी आणि नीट साठवलेली असेल ती घ्या, असे त्या म्हणाल्या. लेक आठव्या महिन्यात होती, म्हणून तिच्याशी वेगळे बसून बोलल्या. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात ही लस देता येते हे त्यांनी सांगितले आणि तिच्या प्रसूतितज्ज्ञांना स्वतः फोन करून कळवले.

आता बारशाबद्दल लिहिते, कारण खरी कसोटी तिथे लागली. चोवीस जुलैला नातू झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या गल्लीत घरोघरी खोकला चालू असताना, बाराव्या दिवशी बारसे आले. माणसांना येऊ नका म्हणणे आमच्या घरात कोणाच्याच जिभेवर येत नव्हते. हा पेच मी डॉक्टर बाईंना फोनवर सांगितला. त्यांनी केंद्राचे एक पान पाठवले आणि त्याप्रमाणे आम्ही तयारी केली. दारातच साबण, पाणी आणि स्वच्छ पंचे ठेवले, आणि हात वीस सेकंद धुऊनच आत यायचे असे ठरवले. पाळणा खिडकीपाशी ठेवला आणि बायकांनी पाळणा हातभर अंतरावरून म्हटला. बाळाला उचलून एकमेकींकडे देण्याचा आणि पापा घेण्याचा रिवाज या वेळी आम्ही बाजूला ठेवला. ज्याला सर्दी आहे त्याने आशीर्वाद फोनवरून द्यावा, असे सासूबाईंनी स्वतः सर्वांना कळवले. घरातील सर्वांत मोठ्या बाईने सांगितल्यामुळे कोणालाच राग आला नाही.

तरीही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असती. बाळाच्या ओठांवर दूध आले होते आणि एका आत्याबाईंनी प्रेमाने पदराचे टोक पुढे केले. त्याच पदराला त्यांनी मघाशी नाक पुसले होते, हे माझ्या लेकीने पाहिले आणि पटकन स्वतःचे स्वच्छ दुपटे पुढे केले. पदर, रुमाल आणि खांद्यावरचा पंचा या तिन्ही गोष्टींचा आपल्याकडे शिंकणे आणि पुसणे या दोन्ही कामांसाठी इतका सर्रास उपयोग होतो की त्यात काही वावगे आहे असे मनातच येत नाही. फ्लूचा विषाणू कापडावर काही तास जिवंत राहू शकतो आणि हाताने नाकातोंडापर्यंत पोहोचतो. शिंक आली तर कोपराच्या खोबणीत शिंकावे, रुमाल वापरला तर तो रोज धुवावा आणि कागदी रुमाल वापरला तर लगेच टाकून द्यावा, एवढेच पथ्य आहे.

बारशानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या यजमानांना एकशे एकचा ताप आला. अंग मोडून निघाले होते, घसा खवखवत होता आणि कोरडा खोकला होता. ते एकसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. पूर्वी आम्ही दोन-तीन दिवस आल्याचा काढा आणि तापाची गोळी यांवर काढले असते. काढ्याने घशाला बरे वाटते आणि तो आम्ही या वेळीही दिला, पण फ्लूवरचे विषाणुविरोधी औषध, ऑसेल्टामिविर, लक्षणे सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू केले तरच त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, हे जूनमध्येच सांगितलेले होते. फोन केला तेव्हा यजमानांना मास्क लावून आणा आणि गाडीतच बसू द्या, असे उत्तर मिळाले. डॉक्टर बाई स्वतः खाली आल्या, छाती तपासली, बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण पाहिले आणि वय, मधुमेह व घरातील बाळ लक्षात घेऊन ते औषध लगेच सुरू केले. अँटिबायोटिक दिले नाही. यजमानांनी ते मागितले होते, परंतु विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि पुन्हा ताप चढला, धाप लागली किंवा कफाचा रंग बदलला तर तेव्हा ठरवू, असे त्यांनी समजावले.

लस घेऊनही ताप आला, मग लसीचा उपयोग काय, हा प्रश्न माझ्या मुलाने विचारलाच. त्याचे उत्तर मला माझ्या डोळ्यांसमोर मिळाले आहे असे मी म्हणणार नाही, कारण एका माणसावरून असे सिद्ध होत नाही. ते चौथ्या दिवशी हिंडू-फिरू लागले आणि साखरही फारशी चढली नाही, इतकेच सांगते. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, म्हणून त्यांची वरच्या मजल्यावरच्या खोलीत सोय केली, ताट-वाटी वेगळी ठेवली आणि वर जाणारे माणूस एकच, म्हणजे मी, असे ठरवले. मीही वर जाताना मास्क लावत होते आणि खाली आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावत नव्हते. आठ दिवस आजोबांनी नातवाला जिन्यावरून पाहिले. लेकीला मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली होती, की तिला स्वतःला फ्लू झाला तरी अंगावरचे पाजणे तोडायचे नाही, मास्क लावून आणि हात धुऊन पाजायचे. तशी वेळ आली नाही.

आता या केंद्राच्या उणिवा. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना सतरा पायऱ्या चढताना तीनदा थांबावे लागले. जी डॉक्टर तापाच्या रुग्णासाठी खाली येऊ शकते तिने गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना खाली गाडीत लस देण्याचीही सोय करायला हरकत नव्हती. मी तसे सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बारशाच्या वेळी पाठवलेले सूचनांचे पान आणि लसीनंतर हाती दिलेले पत्रक दोन्ही इंग्रजीत होते. मावशींना ते वाचता आले नाही आणि त्यांनी ते घडी घालून देवघरात ठेवून दिले. ज्यांच्या घरात एका खोलीत पाच माणसे झोपतात त्यांनाच ही माहिती सर्वांत जास्त हवी, आणि नाशिकमध्ये ती मराठीत छापणे काही कठीण नाही. मी मराठी मजकूर लिहून दिला आहे. तो छापला जाईल असे आश्वासन मिळाले आहे, अजून छापलेला पाहिला नाही. रविवारी केंद्र बंद असते, त्यामुळे सातपूर-अंबडच्या पाळीत काम करणाऱ्यांची अडचण होते.

पैशांचे सांगायचे तर एका डोसचे अठराशे पन्नास रुपये झाले, सहा जणांचे अकरा हजार शंभर. तपासणी शुल्क वेगळे घेतले नाही आणि खोक्यावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त आकारले नाही. तरीही ही रक्कम लहान नाही आणि मावशींच्या घरातल्या पाच जणांना ती परवडणारी नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. महाराष्ट्र शासन गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असणारे अशा जोखमीच्या गटांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत देत आले आहे. साठा आहे का याची चौकशी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या महापालिका दवाखान्यात पावसाळ्याच्या आधी करावी. मावशींच्या सुनेला सहावा महिना आहे. तिच्यासाठी आम्ही अशी चौकशी केली आणि तिला लस मिळाली.

नाशिककरांनी या विषयाकडे जास्त लक्ष द्यावे असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान घातले तेव्हा इथेही रुमाल बांधून माणसे फिरत होती. त्या वेळचा एच१एन१ हा प्रकार आता दरवर्षीच्या फ्लूचाच भाग झालेला आहे. २०२७ मध्ये आपल्याकडे सिंहस्थ आहे आणि त्याची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे फ्लूच्या ऐन लाटेत, पडतात. रामकुंडावर आणि पंचवटीच्या गल्ल्यांत देशभरातील माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतील. ज्यांच्या घरी यात्रेकरू उतरणार आहेत, जे रिक्षा चालवतात, खानावळी चालवतात किंवा घाटावर सेवा करतात, त्यांनी त्या वर्षी मे महिन्यातच लस घ्यावी. अशा केंद्रांनीही त्या वेळी फक्त सकाळची एक तुकडी न ठेवता संध्याकाळची वेळ वाढवावी.

एकूण सेवेला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण जिन्यासाठी आणि इंग्रजी पत्रकासाठी कापला आहे. नातवाला चोवीस जानेवारीला सहा महिने पूर्ण होतील. थंडीतली फ्लूची दुसरी, लहान लाट त्याच सुमारास असते आणि पहिल्यांदाच लस घेणाऱ्या बाळाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिल्या डोससाठी जानेवारीच्या अखेरची, सकाळी नऊची वेळ मी आजच मागून ठेवली आहे, आणि त्या वेळी कोणत्या हंगामाचे खोके फ्रीजमध्ये असेल हे सिस्टरने वहीत पाहून सांगितले आहे.